दुहेरी तेलाची खरी हकिगत

माझ्या व्याह्यांनी आयुष्यात कुठल्याच पंपावर विश्वास ठेवला नाही. पाण्याच्या नाही, पेट्रोलच्या नाही, आणि त्यांच्या डॉक्टरांचं ऐकलं तर छातीतल्याही नाही. डॉक्टर त्यांना समजावत होते, "काका, हृदय म्हणजे शेवटी एक पंपच." त्यावर हे म्हणाले, "म्हणून तर मी इतका जपून चालतो." डॉक्टर हसले, पण हे हसले नाहीत. त्यांनी ते अगदी मनापासून सांगितलं होतं.

व्याही म्हणजे माझ्या मुलीचे सासरे. ते राजापूरकडचे, मी कराडकडचा. दोघांची नोकरीची सारी वर्षं दुबईत गेली आणि दोघांची मुलं अल कुसैसला एका घरात संसाराला लागली, एवढाच आमचा संबंध. पण इथल्या मराठी मंडळींत त्यांची एक गोष्ट गेली कित्येक वर्षं फिरते आहे. गणपतीत, हळदीकुंकवाला, कुणाच्या वाढदिवसाला ती एकदा तरी होतेच, आणि माणसं पोट धरून हसतात. ती गोष्ट मी पसरवली. ती अर्धीच आहे, हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. आता माझी सत्तरी उलटली आहे आणि ती पुरी सांगायचं मी ठरवलं आहे. एकदा चारचौघांत सांगून झालं, पण तोंडी सांगितलेलं माणसं आपल्या सोयीने विसरतात, म्हणून लिहून काढतो. मात्र आधी माणूस कळायला हवा.

त्यासाठी इंजिनाबद्दल थोडं सांगणं भाग आहे. मोटारीच्या इंजिनात तेल निराळं असतं आणि पेट्रोल निराळं. जुन्या स्कूटरी, होड्यांची इंजिनं, गवत कापायची यंत्रं आणि बर्फावर धावणाऱ्या स्नोमोबाइल यांत मात्र पुष्कळदा टू-स्ट्रोक इंजिन असतं. त्याला पेट्रोलबरोबरच तेल द्यावं लागतं. ते द्यायच्या दोन रीती. एक म्हणजे पेट्रोल टाकीत ओतण्यापूर्वीच त्यात मापाने तेल मिसळायचं. दुसरी म्हणजे तेलाची टाकी वेगळी ठेवायची आणि एक छोटा पंप, इंजिन धावेल तसं, थेंब थेंब तेल आत सोडत राहतो. पहिल्या रीतीत कटकट फार आणि इंजिन संथ चालताना धूरही जास्त. दुसरीत कटकट नाही, धूर कमी, पण पंप रुसला तर इंजिन कोरडं पडून जागच्या जागी बसतं, आणि बसेपर्यंत कुणाला पत्ता लागत नाही. माझे व्याही पहिल्या पंथाचे. मी दुसऱ्या. रास अल खोरला सुट्या भागांच्या दुकानात काउंटरवर उभं राहून मी हे पंप विकण्यातच केस पांढरे केले.

व्याह्यांचं मिसळणं इंजिनापुरतं राहिलं असतं तर कुणाची तक्रार नव्हती. पण आधी मिसळून घेणं हा त्यांचा जीवनमार्ग होता. विहीणबाई ताट अगदी रीतसर वाढत, डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, उजवीकडे भाजी, मध्ये भाताची मूद. हे बसत, एकदा हात जोडत, आणि पुढच्या क्षणी त्या देखण्या ताटाचं एकरंगी मिश्रण झालेलं असे. भात, आमटी, बटाट्याची भाजी, काकडीची कोशिंबीर, काटे काढलेला बांगडा, सारं एक. वाचायचं ते फक्त श्रीखंड, आणि तेही विहीणबाई ते मुद्दाम उशिरा बाहेर आणत म्हणून. मी एकदा धीर करून विचारलं, "व्याही, चव कशी कळते हो?" ते म्हणाले, "आत गेल्यावर पोट मिसळणारच ना? मग ते काम त्याच्यावर कशाला सोडायचं? त्याने नाही मिसळलं तर?" चहाचंही तसंच. साखर आधणातच पडली पाहिजे. वरून साखर घालून चमचा फिरवणारा माणूस त्यांना भरवशाचा वाटत नसे, आणि मी वरून घालतो. या देशात त्यांना मनापासून पटलेली गोष्ट एकच, रस्त्यावरच्या टपरीतला करक चहा. दूध, साखर, पत्ती, वेलची सगळं एकत्र उकळून कागदी पेल्यात येतं, कमी नाही की जास्त नाही. "अरबांना कळलंय," असं ते पहिला घोट घेताना दर वेळी म्हणत.

आमच्या मुलांचं लग्न ठरायच्या वेळी मी पत्रिका, मानपान, देणंघेणं अशा विषयांची तयारी करून बसलो होतो. वरपित्याने काय मागावं? एक मिनीबस. दोन्ही घरांतल्या यच्चयावत माणसांना एका गाडीत घालून दिवसभर खोर फक्कानच्या समुद्रावर न्यायचं, ही त्यांची एकमेव अट. "लग्न लागलं की घरं आपोआप मिसळतील म्हणता? अहो, आधी एका डब्यात घालून हलवा तर खरं!" डोंगरातल्या वळणांनी माझ्या बायकोला उलट्या झाल्या, विहीणबाईंनी रस्ताभर तिचं डोकं धरलं, आणि परत येताना दोघी सख्ख्या बहिणींसारख्या एकमेकींवर रेलून झोपल्या होत्या. व्याही पुढच्या सीटवरून मागे वळून ते पाहत होते. मला म्हणाले, "बघा. जमलं मिश्रण."

पंपांवरच्या या रागाला एक इतिहास होता. तरुणपणी ते फुजैराला मच्छीमार होड्यांची इंजिनं दुरुस्त करायचे. एकदा नव्या इंजिनाची चाचणी घ्यायला एकटेच समुद्रात गेले, तेलाचा पंप बंद पडला, इंजिन बसलं आणि हे दिवसभर उन्हात वाहवत गेले. पुढे दुसऱ्या होडीने ओढून आणलं. ही हकिगत मी पहिल्यांदा ऐकली तेव्हा होडीतून किनारा दिसत होता. साखरपुड्यापर्यंत किनारा नाहीसा झाला होता. लग्नात इराणचे डोंगर दिसू लागले, आणि अलीकडे अलीकडे तर पलीकडच्या कोंबड्याचं आरवणं त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकलेलं होतं.

नोकरीची शेवटची वर्षं आली तेव्हा त्यांना एका मॉलमधल्या बर्फाच्या हॉलमध्ये काम मिळालं. बाहेर अंग भाजणारं ऊन, आणि आत काचेआड खऱ्या बर्फाची टेकडी, घसरगुंड्या, कोट घातलेली पोरं. तिथे एक स्नोमोबाइल होती. सकाळी हॉल उघडायच्या आधी सामान वर न्यायचं, बर्फ सारखा करायचा, आणि दिवसा कुणाचा पाय मुरगळला तर त्याला खाली आणायचं, ही तिची कामं. ती गाडी व्याह्यांच्या ताब्यात आली आणि त्यांनी पहिल्याच आठवड्यात तिचा तेलाचा पंप काढून, भोकावर पत्रा मारून, पंप खोक्यात बंद केला. मग ते हाताने तेल मिसळू लागले. मापाला त्यांनी काय घ्यावं? आमच्या नातीची दुधाची बाटली. नात नुकतीच झाली होती, घरात बाटल्यांची रेलचेल होती, आणि त्या बाटलीवर रेघा इतक्या नेमक्या असतात की दहा लिटर पेट्रोलच्या कॅनला वरच्या रेघेपर्यंत एक बाटली तेल, की चाळीसाला एक हे प्रमाण बरोबर बसतं. माझ्या मुलीने कपाळाला हात लावला. हे म्हणाले, "सूनबाई, पोरीच्या दुधाला जे माप चालतं त्याहून खात्रीचं माप दुनियेत आहे का?" हॉलमधली पोरं त्यांना उस्ताद म्हणत. ते कानटोपी घालून त्या गाडीवर असे बसत की बघणाऱ्याला वाटावं, राजापूरला वर्षाचे आठ महिने बर्फच पडत असेल. फक्त त्या थंडीतून बाहेरच्या उकाड्यात आणि पुन्हा आत असं करून त्यांना बारा महिने सर्दी असे. ही सर्दी पुढे महत्त्वाची आहे, ती लक्षात असू द्या.

कॅन भरून नेऊन द्यायचं काम माझ्याकडे होतं. मी पेट्रोल आणि आमच्या दुकानातला तेलाचा डबा वेगवेगळे नेत असे, मिसळण्याचा मान त्यांचा. नेताना आमचा रोज वाद होई. मी म्हणे, बंद हॉलमध्ये धूर बरा नाही, पंप लावा. तिथल्या लेबनानी मॅनेजरनेही सांगून पाहिलं होतं. हे ऐकत नसत. पण तो वाद गोडीचा होता. बिघडला तो नातीच्या उष्टावणाला.

अबू धाबीहून माझा मुलगा, म्हणजे बाळाचा मामा, खीर भरवायला आला होता. पाटाभोवती दोन्ही घरं जमली होती. मामाने चमच्यात खीर घेतली तोच व्याही म्हणाले, "थांब रे. वरण, भात, खीर, केळं, सगळं एकत्र कालव. पहिला घास आहे, त्यात सगळं गेलं पाहिजे."

मी म्हणालो, "अहो, एकेक चव कळू द्या तिला. जेव्हा जे लागेल तेव्हा ते, तेवढंच द्यावं. हल्ली हीच पद्धत आहे."

"हं. म्हणजे पंपच की!"

"पंपच! काय वाईट आहे पंपात? कंपनीने काय वेडे इंजिनियर ठेवलेत?"

"त्या शहाण्यांनी माझी होडी इराणला लावली होती."

"तो पंप मी विकला नव्हता!"

"विकणारे सगळे सारखेच."

इथे मी थांबायला हवं होतं. मुलीचा बाप म्हणून इतकी वर्षं जे जे गिळलं होतं ते एकदम वर आलं, आणि मी म्हणालो, "तुमच्या हट्टापायी त्या हॉलमधली लेकरं धूर खातात. निदान या लेकराला तरी सोडा." पाटावर बाळ रडायला लागलं. व्याही उठले, त्यांनी कानटोपी खिशात घातली आणि खीर न खाता गेले.

त्यानंतर आमचं बोलणं बंद. मी कॅन आणि तेलाचा डबा हॉलच्या मागच्या दारात ठेवून यायचो, ते रिकामा कॅन तिथेच ठेवायचे. दिवाळी जवळ आली. नातीची पहिली दिवाळी. एकदा माझी बायको करंज्यांचं सारण ढवळता ढवळता म्हणाली, "तेल कुठनं आत जातंय यावरून माणसं बोलायची थांबतात होय? त्या इंजिनाला तरी कळतंय का, तेल कुठनं आलं ते? दिवाळीला दोन्ही घरं एका पंगतीला बसली नाहीत, तर मी लेकीच्या दारात पाऊल ठेवणार नाही. सांगून ठेवते." ती बोलते ते करते. लेकीने फोनवर रडून घेतलं ते निराळंच. मी रात्रभर विचार केला आणि ठरवलं, की या माणसापुढे आपणच वाकायचं.

दुसऱ्या दिवशी कॅन भरून घरी आणला. लेक आमच्याकडे विसरून गेलेली बाळाची एक बाटली फडताळात होती. ती घेतली, रेघेपर्यंत तेल भरलं, कॅनमध्ये ओतलं आणि झाकण लावून हलवायला लागलो. आयुष्यभर पंपाचे गुण गाणारा मी, आणि हात तेलाने माखलेले. भक्ताने दुसऱ्याच देवळात शिरून दंडवत घालावा तसं वाटत होतं. बायको दारात उभी होती. "बाळाच्या बाटलीत तेल?" मी म्हणालो, "त्यांच्या रीतीने करतोय." ती आत गेली आणि हात पुसायला फडकं घेऊन आली. मी ठरवलं, की व्याह्यांना आधी सांगायचं नाही. कॅन उघडला की वासानेच ओळखतील, आणि मग बघू तोंड कसं होतं ते.

तेवढ्यात फोन वाजला. कितीतरी दिवसांनी त्यांचा आवाज. "व्याही, उद्या सकाळी कॅन मागच्या दारात ठेवू नका. थेट आत या. एक गंमत दाखवतो." मी मनातल्या मनात हसलो. म्हटलं, गंमत तर मी आणतोय.

सकाळी गेलो. आत आम्ही दोघेच. त्यांनी मलाही एक कोट दिला. माझ्या हातातला कॅन घेतला, तो लाल प्लॅस्टिकचा, आतलं काही दिसत नाही. तेलाचा डबा कुठे आहे, असं त्यांनी विचारलं नाही, तेव्हा मी सुटलो, कारण मला आधी काही सांगावं लागलं नाही. मी डबा पुढे केला नाही म्हणून तेही सुटले, नाहीतर आज तेल का मिसळत नाही हे त्यांना आधीच सांगावं लागलं असतं. हे मला पुढे कळलं. त्यांनी नाक ओढत कॅन टाकीत रिता केला. वास त्यांना येणार कुठून, सर्दी होती ना. दोघेही गालातल्या गालात हसत होतो. मी त्यांच्याकडे बघून, ते माझ्याकडे बघून.

"आता ऐका," ते म्हणाले आणि त्यांनी गाडी सुरू केली. इंजिन छान बोललं. त्यांनी ते संथ चालू ठेवलं आणि हात पसरून उभे राहिले, जणू मला काही अर्पण करताहेत. आधी जरासा निळा धूर निघाला. मग आणखी. मग तो बर्फावरून लोळत आमच्या गुडघ्यांपर्यंत आला, कमरेपर्यंत आला, टेकडी दिसेनाशी झाली आणि छतावरची धोक्याची घंटा ठणाणा वाजू लागली. व्याह्यांनी इंजिन बंद केलं. खाली वाकून बॉनेटखाली पाहिलं, मीही पाहिलं. पत्रा मारलेल्या भोकावर तो काढून टाकलेला पंप पुन्हा बसवलेला होता. स्वच्छ पुसून, नळ्या जोडून, तेलाची टाकी काठोकाठ भरून. मॅनेजरच्या सांगण्याला ज्यांनी भीक घातली नाही, त्यांनी माझ्यासाठी तो पंप बसवला होता.

त्यांनी रिकाम्या कॅनमध्ये बोट घातलं, अंगठ्यावर घासून पाहिलं आणि माझ्याकडे बघितलं. "व्याही..." एवढंच म्हणाले.

तोवर मॅनेजर खोकत आला. बाहेर शाळेची एक आख्खी रांग कोट घालून उभी होती, तिला परत पाठवावं लागलं होतं. बसवलेला पंप आणि तेलकट कॅन बघून त्याने इंग्रजीत ओरडून विचारलं, की पेट्रोलमध्ये तेल कुणी घातलं? आमच्या दुकानाचा माल या हॉलमध्ये जायचा, माझा व्हिसा नूतनीकरणाला टाकलेला होता, वय झालेल्या माणसाला मालक ठेवतो की नाही याची मला धास्ती होती. ही कारणं मी नंतर जुळवली. त्या क्षणी मी नुसता घाबरलो होतो. मी मान खाली घालून बुटांकडे बघत राहिलो. आणि माझे व्याही म्हणाले, "माय मशीन, माय ऑइल. खलास."

गाडीची किल्ली त्यांच्याकडून काढून घेतली. नोकरी गेली नाही, पण उस्तादला बूट वाटायच्या खिडकीवर बसवलं. निवृत्त होईपर्यंत ते तिथेच होते. तिथेही त्यांनी पहिल्या दिवशी सगळ्या बुटांच्या नाड्या जोडीजोडीने बांधून ठेवल्या, म्हणजे डावा-उजवा आधीच एकत्र. पण काचेपलीकडे दुसरा कुणीतरी ती गाडी चालवायचा आणि तिचा आवाज आला की यांची मान वळायची. हे मी पाहिलेलं आहे.

दिवाळीला पंगत एकत्र बसली. कुणीतरी विचारलं, हॉलमध्ये काय झालं म्हणे? सगळ्यांचे कान माझ्याकडे. खरं सांगायची ती वेळ होती. आणि मी म्हणालो, "काही नाही हो, आमच्या व्याह्यांचा पंपावरही भरवसा नाही आणि बाटलीवरही नाही, म्हणून त्यांनी दोन्हीकडून तेल घातलं!" पंगत हसली. व्याहीही हसले, आणि ताट कालवायला लागले. त्या हसण्याची मला चटक लागली. मुलीच्या बापाला वरपित्यावर एवढं हसायला कुठे मिळतं? पुढे पुढे मी त्यात भर घालत गेलो. धुरात मॅनेजर हरवला, अग्निशामक दल आलं, आणि शेवटी तर पेंग्विन खोकत बाहेर पडले. त्या हॉलमध्ये पेंग्विन नव्हते. ते मी आणले. त्यांचा इराणचा कोंबडा आणि माझे पेंग्विन एकाच जातीचे, फरक इतकाच की त्यांच्या कोंबड्याने कुणाची किल्ली गेली नव्हती.

मध्यंतरी एकदा नात म्हणाली, "आजोबा, आय टोल्ड द पेंग्विन स्टोरी इन स्कूल. एव्हरीवन लाफ्ड." मग व्याह्यांकडे वळून, "बट व्हाय डिड यू पुट इट ट्वाइस? डिडन्ट यू नो?" व्याही तिच्या वेणीची रिबीन बांधत होते. म्हणाले, "चुकलं गं बाळा. माणूस चुकतो." मग रिबिनीची गाठ मारून, "पेंग्विन आता बरे आहेत." मी समोरच बसलो होतो. ते कायमचे गावी जायला निघाले होते, विमानाची तिकिटं काढलेली होती. मी त्याच वेळी ठरवलं, की हा माणूस या मुलीच्या डोळ्यांत मूर्ख ठरून या देशातून जाणार नाही.

निरोपाचं जेवण मुलीच्या घरी होतं. बैठकीची खोली माणसांनी भरलेली. जेवणं झाल्यावर नेहमीप्रमाणे आरोळी आली, "काका, पेंग्विन होऊ द्या!" मी उभा राहिलो. बायकोने माझ्याकडे बघितलं, तिला कळलं असावं. मी नातीला पुढ्यात बसवलं आणि सांगितलं, की पेंग्विन नव्हते. कॅनमध्ये तेल मी घातलं होतं, या हातांनी, तुझ्या बाटलीने. तुझ्या या आजोबांनी माझ्यासाठी पंप बसवला होता. मॅनेजरने विचारलं तेव्हा मी गप्प बसलो, आणि यांची किल्ली गेली. मध्ये दोघातिघांना वाटलं की गोष्टीचाच नवा भाग आहे, ते हसले. "हसू नका," मी म्हणालो, आणि शेवटपर्यंत सांगितलं.

व्याही लालबुंद झाले होते. "व्याही, हे काय केलंत तुम्ही?"

"खरं तेवढं सांगितलं. बुटांच्या खिडकीत तुम्ही बसलात ते माझ्यामुळे."

"खिडकीचं काय घेऊन बसलात! तिथे हीटर होता. पंप बसवल्याचं कशाला बोललात? इतकी वर्षं मी तोंड मिटून का बसलो होतो? आता सगळे म्हणणार, उस्तादने पंप बसवला!"

"अगो बाई, बसवला होता?" विहीणबाई उसळल्या. "मला म्हणाले, इंजिन म्हातारं झालंय म्हणून धूर झाला!"

मग जे हसू उठलं ते थांबेना. नात दोघांकडे आळीपाळीने बघत म्हणाली, "सो यू बोथ डिड द अदर वन्स थिंग? दॅट्स सो सिली." व्याह्यांनी तिला जवळ ओढलं.

माणसं पांगल्यावर आम्ही दोघे बाल्कनीत उभे होतो. मी म्हणालो, "रागावला होतात?"

"होतो." ते खाली रस्त्याकडे बघत होते. "किल्लीचं नाही हो. त्या दिवशी एकदा माझ्याकडे बघायचं होतंत. तुम्ही बुटांकडेच बघत राहिलात."

या वेळी मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी नाक ओढलं आणि म्हणाले, "इंजिनाला मात्र काही झालं नव्हतं. प्लग पुसून दुसऱ्या दिवशी सुरू झालं. तेल जास्त झालं तर धूर होतो, व्याही. कमी पडलं असतं तर गेलं असतं."

ते गेले. आता राजापूरकडे आंब्याच्या बागेत गवत कापायचं यंत्र चालवतात, त्याला पंप नाहीच, त्यामुळे सुखात आहेत. जाताना दुधाची बाटली बरोबर घेऊन गेले. मागच्या आठवड्यात नातीचा हट्ट म्हणून मी तिला त्या हॉलमध्ये नेलं. बुटांच्या खिडकीत एक नवी मुलगी होती. काचेआड गाडी टेकडी चढताना दिसली, पण आवाज आला नाही. नवी गाडी विजेवर चालते. तेल नाही, पेट्रोल नाही, धूर नाही. नात काचेला नाक लावून म्हणाली, "आजोबा, इट डझन्ट स्मेल लाइक हिम."

घरी येऊन त्यांना फोन लावला आणि सांगितलं. पलीकडे नाक ओढल्याचं ऐकू आलं. मग म्हणाले, "म्हणजे ना तुमचं राहिलं, ना माझं. आता भांडायचं कशावर?" मी चहाचा घोट घेऊन कप बशीत ठेवला. तेच पुन्हा बोलले, "चहा घेताय वाटतं. कपाचा आवाज येतोय. साखर कशी घातलीत?"

"वरून," मी म्हणालो.

"सुधारणार नाही तुम्ही!" ते केवढ्या समाधानाने ओरडले, आणि पुढे चांगला अर्धा तास मला बोलत राहिले.

सगळं खरं लिहायचं ठरवलंच आहे, म्हणून हेही लिहितो. ते गेल्यापासून आमच्या घरी साखर आधणातच पडते.